घासमावशींचा रिकामा डबा

घासमावशींच्या पाळणाघरातून एकाही मुलाचा डबा कधी उष्टा परत गेला नव्हता. सतरा वर्षांत एकदाही नाही, असं त्या स्वतः सांगायच्या, आणि त्यांना फुशारकी मारायची सवय नव्हती. नवी आई मूल ठेवायला आली आणि ‘आमचं बाळ काही खातच नाही हो’ म्हणून रडगाणं गायला लागली, की मावशी तिला मध्येच थांबवायच्या. ‘डबा द्या, बाकी माझ्यावर सोडा,’ एवढंच म्हणायच्या.

घासमावशी हे नाव मुलांनीच ठेवलेलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत चटया, एक बुटकं लांब टेबल आणि भिंतीवर मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर खुंट्या. मागच्या खोलीला निळे पडदे. दुपारी साडेबाराला जेवण आटोपलं की एक वाजता सगळी मुलं तिथे ओळीने आडवी. सोळा मुलं आणि एकट्या मावशी, पण आवाज येणार तो फक्त मावशींचा. त्या गोष्ट सांगत असायच्या.

गोष्ट हेच त्यांचं हत्यार होतं. मी एकदा दारात उभी राहून पाहिलं आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मुलं, प्रत्येकाच्या पुढ्यात डबा आणि हातात चमचा. ज्यांना स्वतः खाता येत नाही अशी चार-पाच मावशींच्या जवळ. वाघ झुडपाआड दबा धरून बसलेला. ससा येतोय, येतोय, अगदी जवळ आला... आणि मावशी गप्प. मुलांचे डोळे मोठे, तोंडं आपोआप उघडी. तेवढ्यात पाच चमचे पाच तोंडांत. ‘मग काय झालं?’ म्हणायला घास गिळावाच लागायचा. आपण काय खाल्लं आणि किती खाल्लं याचा त्या पोरांना पत्ताच नसायचा. मला तेव्हा वाटलं, ही बाई जादूगार आहे.

पाळणाघर काढण्याआधी त्या चौदा वर्षं एका इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात आया होत्या. तिथे त्यांचं काम भरवण्याचं. सकाळी मोठ्या सिस्टर फेरीवर आल्या की पहिला प्रश्न असायचा, ‘कोणी कोणी खाल्लं?’ ज्याची वाटी रिकामी त्याच्या तक्त्यावर बरोबरची खूण व्हायची, आणि ज्याच्या तक्त्यावर ओळीने खुणा तो आईचं बोट धरून घरी जायचा. मावशींना औषधांतलं काही कळत नव्हतं. त्यांना वाटी कळायची. रिकामी वाटी म्हणजे पोर जगणार, हे गणित त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की इस्पितळ सुटलं तरी गणित सुटलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. चाळीस थर एकावर एक ठेवून खडूची रेघ मारायची आणि मशीन फिरवायचं, त्यामुळे तिथे मला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. स्वभाव तापट आहे. कारखान्यात म्हणतात की मास्तरांच्या कात्रीला एक वेळ धार कमी असेल, जिभेला नाही. मला त्याचा थोडा अभिमानही होता. पुढे जे झालं त्यानंतर तो उरला नाही.

माझी मुलगी तीन वर्षांची झाली आणि मी तिला मावशींकडे ठेवलं. ती उभ्या जागी स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. पहिल्या दिवशी मी एका पुडाचा छोटा डबा दिला. थोडा भात, थोडं उकडलेलं गाजर. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा. घरी जी मुलगी तीन घासांना तीन वेळा उठायची तिने डबा संपवला! मी नवऱ्याला डबा उलटा करून दाखवला. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त घातलं. तोही रिकामा. मग माझ्या मनात आलं, पोर उपाशी तर राहत नसेल? डबा संपतो म्हणजे पुरत नाही. महिन्याभरात दोन पुडांचा डबा आला. एकात भात, एकात अंडं आणि बटाटा. रिकामा. पावणेचार वर्षांची होईपर्यंत मी तिला तीन पुडांचा डबा देत होते, वर केळं, आणि झोपून उठल्यावर प्यायला दुधाची बाटली. कारखान्यातल्या बायका माझा डबा समजून त्यात डोकावायच्या. ‘मुलीचा आहे,’ असं मी ऐटीत सांगायचे.

आणि मग मळमळ सुरू झाली.

भिंगरीला तो शब्द माहीत नव्हता. ती म्हणायची, ‘आई, घशात पाणी येतंय.’ मावशींकडून निरोप यायचा की दुपारी जेवल्यावर पोर पांढरीफटक पडली, तोंडावर हात ठेवून बसली. कधी उलटी व्हायची, बऱ्याचदा व्हायची नाही, नुसतंच उमळून यायचं. संध्याकाळी मी आणायला गेले की ती खुंटीखाली बसलेली असायची. घरी आल्यावर गरगर फिरणं बंद. रात्रीच्या जेवणाला ताट पुढे आलं की मान फिरवायची. पुढे पुढे तर सकाळी मी डबा भरायला घेतला, की झाकणाच्या आवाजानेच तिचा चेहरा पडायचा. साडेतीन महिन्यांत तिचं वजन वाढलं नाही.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. नाक्यावरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि मळमळीचं गुलाबी सिरप दिलं. नणंद फोनवर म्हणाली, ‘दूध बंद कर, वहिनी, दुधानेच होतं.’ मी आठ दिवस दूध बंद केलं, फरक शून्य. नवरा म्हणाला, ‘ऊन लागत असेल.’ भर थंडीत! त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती लक्षात आल्यावर मला वाटलं की मी मोठी हुशार. सुट्टीच्या दिवशी भिंगरीला मळमळत नव्हतं. घरी असली की दोन-चार घास खायची, खेळायची, पुन्हा येऊन एखादा घास खायची, आणि बरी असायची. म्हणजे दोष पाळणाघरात. काय असेल? पाणी. मावशींची टाकी जुनी, झाकण तिरकं. तिथलं पाणी खराब आहे आणि बाई लपवतेय, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

माझ्यासारख्या फटकळ बाईने तोंडावर जाऊन विचारायला हवं होतं. इतर वेळी मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. पण मावशींना विचारलं आणि त्या रागावून म्हणाल्या, ‘घेऊन जा तुमची पोर,’ तर? दुसरीकडे कुठे जागा नव्हती, आणि रजा संपल्या होत्या. म्हणून तोंडावर गप्प बसले आणि पाठीमागे बोलले. तिथल्या एका जुळ्यांच्या आईला फाटकाशी गाठून सांगितलं, ‘जरा मुलांच्या पोटाकडे लक्ष ठेवा हो, इथल्या पाण्याचं काही खरं नाही.’ तिने आणखी दोघींना सांगितलं. पंधरा दिवसांत जुळी गेली आणि आणखी दोन मुलं गेली. चार खुंट्या रिकाम्या झाल्या. मी मात्र भिंगरीला तिथेच ठेवत राहिले, फक्त पाण्याची बाटली घरून देऊ लागले. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

घरच्या पाण्याने काही फरक पडला नाही. तेव्हा तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली.

शेवटी कारखान्यातल्या एकीने लहान मुलांच्या एका जुन्या डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं. त्यांच्या दवाखान्यात खेळणी नव्हती आणि त्या मुलांना खोटं खोटं हसूनही दाखवत नव्हत्या. त्यांनी भिंगरीला टेबलावर झोपवून पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं, आणि मला प्रश्नांवर प्रश्न विचारले. ताप येतो का? उलटीत हिरवं किंवा रक्त दिसतं का? दुखून झोपेतून उठते का? लघवीला जळजळतं का? शी रोज होते का?

‘शी?’ मी म्हटलं. ‘दोन-तीन दिवसांनी. कुथावं लागतं.’

‘हे आधी कुणाला सांगितलं होतं?’

‘कुणी विचारलंच नाही.’

‘जेवायला किती वेळ लागतो? जेवल्यावर लगेच आडवी होते का? एका वेळी किती खाते?’

मला फक्त शेवटच्याचं उत्तर येत होतं, आणि तेही डब्यावरून.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला. ‘हे बघा, जेवल्यावर मळमळायला शंभर कारणं असतात. दूध न सोसणं, एखादा पदार्थ न चालणं, आम्ल वर येणं, लघवीतला जंतुसंसर्ग, मनातली भीती. ताप नाही, झोपेतून उठत नाही, हे चांगलं आहे. वजन थांबलंय, म्हणून लघवी आणि रक्त तपासून घेऊ, अंदाजाने बोलायला नको. पण पोट कडक लागतंय. शी साठून राहिली की भूक मरते आणि वरून मळमळतं. आता मला एवढंच सांगा, हिला भरवतं कोण?’

‘पाळणाघरातल्या मावशी.’

‘मग पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन या. आणि रोज देता तो डबा, रोजच्यासारखाच भरून.’

मावशींना कसं सांगायचं याची वाक्यं मी वाटभर जुळवत गेले. त्या मात्र एका शब्दात तयार झाल्या. बाकीची अकरा मुलं शेजारणीवर सोपवून, धुतलेली साडी नेसून, भिंगरीचा हात धरून दवाखान्यात आल्या. त्यांची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. मला वाटलं, वयाने असेल.

तपासण्यांत काही निघालं नव्हतं. डॉक्टरबाईंनी डबा टेबलावर उघडला. तीन पूड ओळीने मांडले, शेजारी केळं. मग भिंगरीची मूठ मिटून त्या पुडांशेजारी ठेवली. ‘या वयाच्या मुलाचं पोट रिकामं असताना असं मुठीएवढं असतं. ताणतं, पण ताणायलाही मर्यादा आहे,’ त्या म्हणाल्या. आम्ही दोघी त्या एवढ्याशा मुठीकडे बघत राहिलो. मी रोज शेकडो मुलांच्या मापाचं कापड कापते, आणि माझ्या मुलीचं माप मी घेतलं नव्हतं.

डॉक्टरबाई भिंगरीकडे वळल्या. ‘काय गं, तुझं पोट कधी भरतं?’

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं. मग शाळेत उत्तर द्यावं तसं म्हणाली, ‘डबा संपला की.’

मग मावशी पुटपुटल्या, ‘डबा भरून यायचा हो. मला वाटलं, आई आहे ती, तिला ठाऊक असणार पोरीला किती लागतं. ती एवढं देते म्हणजे एवढं जायलाच हवं. डबा वाढला तशा मी गोष्टी वाढवल्या. वाघ दोन-दोनदा आणला.’

‘आणि तो रिकामा परत यायचा,’ मी म्हटलं. ‘मला वाटलं, तिला कमी पडतंय.’

‘आणि मग एक वाजता आडवी,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘भरलेलं पोट, उठल्यावर वर दूध, खालून अडलेलं. मळमळणार नाही तर काय होईल?’ रागावून नाही, साध्या आवाजात म्हणाल्या. शी मऊ होण्याचं औषध लिहून दिलं. पाणी, फळं, भाज्या, जेवल्यावर अर्धा तास तरी बसणं-फिरणं, आणि रोज ठरल्या वेळी घाई न करता संडासात बसवणं. एवढ्याने थांबलं नाही तर पुन्हा या, पुढचं बघू. शेवटी आम्हा दोघींकडे बोट करून म्हणाल्या, ‘समोर काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते हिला ठरवू द्या. नको म्हणाली की तिथे थांबायचं.’

‘आणि नाहीच खाल्लं तर?’ मावशींनी विचारलं. ‘सगळं तसंच राहिलं तर?’

‘तर पुढच्या वेळी खाईल.’

मावशींना ते पटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. चौदा आणि सतरा, एकतीस वर्षांचं गणित समोरची बाई एका वाक्यात चूक ठरवत होती.

बाहेर बस थांब्यावर मी सगळं सांगून टाकलं. पाण्याचं मीच बोलले, जुळी माझ्यामुळे गेली, बाकीची दोघंही. मला वाटलं होतं, मावशी मोठ्या मनाने पोटात घालतील. वयस्कर माणसं घालतात अशी आपली एक सोयीची समजूत असते.

त्या स्वतःचे हात पुढे धरून म्हणाल्या, ‘हे बघा. तीन वेळा टाकी घासली मी या महिन्यात. पोरं का जातात कळेना, म्हणून आधी टाकी घासली, मग भांडी सगळी उकळली, मग पुन्हा टाकी. आज सकाळी तिसऱ्यांदा आत उतरले. माझे गुडघे आहेत का टाकीत उतरायचे? तुम्ही मला येऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?’

आयुष्यात पहिल्यांदा जिभेला धार आली नाही. भिंगरी आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहून बस येते का ते बघत होती.

मी त्याच आठवड्यात तिन्ही घरी गेले. जुळ्यांच्या आईने दारातच मला चार शब्द सुनावले, ते मी निमूट ऐकून घेतले. जुळी परत आली. आणखी एक मुलगा आला. चौथ्याची आई म्हणाली, ‘आता दुसरीकडे रुळलाय तो.’ ती खुंटी रिकामीच राहिली. बोललेलं असं पूर्ण परत घेता येत नाही, हे मला तिथे कळलं.

डबा पुन्हा एका पुडाचा झाला. पहिल्या दिवशी मी अर्ध्या दिवसाचा पगार सोडून मावशींच्या दारात बसले. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं म्हणून त्या दिवशी जेवताना गोष्ट नव्हती. सगळी मुलं गोंधळली. ‘मावशी, वाघ?’ एकाने विचारलं. ‘वाघही जेवायला गेलाय,’ मावशी म्हणाल्या. भिंगरीने चमच्याने भात खाल्ला. गाजराचे तुकडे उलटेसुलटे करून पाहिले, दोन खाल्ले. मग चमचा ठेवला. डब्यात निम्मं होतं.

मावशींचा हात आपोआप चमच्याकडे गेला. चमचा भरला गेला, वर उचलला गेला. भिंगरीने तोंड मिटून मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागावतात का, ते ती बघत होती.

‘पुरे?’ मावशींनी विचारलं. हा शब्द त्या टेबलावर पहिल्यांदाच आला असावा.

भिंगरी अगदी हळू म्हणाली, ‘पुरे.’

मावशींनी चमचा खाली ठेवला. झाकण लावलं, आणि डबा माझ्या हातात देताना त्यांची मान खाली होती. ‘उष्टा डबा देतेय,’ त्या म्हणाल्या. ‘वाईट वाटून घेऊ नका.’ मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

चमत्कार वगैरे झाला नाही. पहिला आठवडा तसाच गेला. दुसऱ्या आठवड्यात मळमळ दोनदा झाली, तिसऱ्यात एकदा. संडासात बसायला भिंगरीला घाई झालेली आवडायची नाही, म्हणून मावशी बाहेर स्टुलावर बसून राहायच्या, आणि राहून गेलेल्या गोष्टी आता दाराबाहेरून सांगायच्या. वाघाला तिथे काही काम नव्हतं, तरी तो यायचा. जेवल्यावर आडवं होणं बंद झालं. सगळी मुलं आधी अंगणात सायकलच्या टायरांभोवती फेऱ्या मारायची, आणि पुढचा दुकानदार ओरडायचा. डबे उष्टे जाऊ लागले तशा दोन मुलांच्या आया तक्रार घेऊन आल्या. ‘आधी सगळं खायचा, आता का नाही?’ मावशी त्यांना समजावताना अडखळायच्या. त्यांना स्वतःलाच अजून पुरतं पटलेलं नव्हतं. मला म्हणायच्या, ‘झाकण लावताना हात जड होतो हो. वॉर्डातली पोरं आठवतात.’

पाचव्या आठवड्यातली एक संध्याकाळ. मी नुकतीच कारखान्यातून येऊन चपला काढत होते. भिंगरी खेळता खेळता उठली, माझ्याजवळ आली, माझ्या ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, ‘आई, भूक लागली.’

मी तशीच एका पायात चप्पल घालून उभी राहिले. किती महिने झाले, मी हिच्यामागे घास घेऊन धावत होते, सिरप पाजत होते, डबे मोठे करत होते, आणि हे दोन शब्द मी माझ्या मुलीच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते. तिला भूक लागायला आम्ही कुणी वेळच दिला नव्हता. मी आधी मावशींना फोन लावला.

‘मावशी, भिंगरी म्हणतेय भूक लागली. स्वतःहून.’

पलीकडून मावशींनी नाक ओढल्याचा आवाज आला.

‘मग फोन धरून उभ्या काय राहिलात?’ त्या ओरडल्या. ‘वाढा तिला!’

आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात, खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘थोडंच वाढा हो.’